जुने धुराडे, नवा जाळ

बॉस्टनच्या आसपास समरव्हिल, डॉर्चेस्टर, केंब्रिज या भागांत शंभर वर्षांहून जुनी लाकडी घरे रस्तेच्या रस्ते उभी आहेत. त्यांतली बरीचशी तीन मजली, दर मजल्यावर एक बिऱ्हाड अशी. तिथले लोक त्यांना ‘ट्रिपल डेकर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांसाठी ती बांधली गेली. छपरांवर विटांची धुराडी अजून शाबूत दिसतात. खाली दिवाणखान्यात फायरप्लेसही असते. पण कित्येक वर्षे विझलेली, पुढ्यात एखादी कुंडी नाहीतर पुस्तकांची चळत मांडलेली. असे घर विकत घेणाऱ्याला पहिल्याच हिवाळ्यात वाटते, इथे पुन्हा जाळ पेटवावा. लाकडे फोडणे, साठवणे, राख काढणे हे कोणाला नको असते. गॅसची लाइन तर तळघरापर्यंत आलेली असतेच. मग गॅसची फायरप्लेस बसवू, असे ठरते.

इथून पुढे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. दुकानात जायचे, मांडून ठेवलेल्या डझनभर ज्वाला पाहायच्या, खोट्या ओंडक्यांमधून खरी वाटणारी एखादी निवडायची, आगाऊ रक्कम भरायची. जळलेला वायू घराबाहेर कुठून जाणार, हा प्रश्न निघतो तो बसवणारा माणूस दारात आल्यावर. नव्या घरात हे चालून जाते, कारण तिथे भिंतीही नव्या असतात आणि नळ्या कुठून न्यायच्या हे नकाशावर आखता येते. जुन्या घरात मात्र आधी धुराडे तपासायचे, घरात हवा कुठून येते ते पाहायचे आणि त्यानंतरच ज्वाला निवडायची.

गॅस जळताना धूर दिसत नाही, म्हणून अनेकांना व्हेंट, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारी वाट, ही उगीचची भानगड वाटते. आकडे मात्र वेगळे सांगतात. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनमीटर वायू पूर्ण जाळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतोच, शिवाय दीड लिटरहून जास्त पाणीही वाफेच्या रूपात बाहेर पडते. दिवाणखान्यासाठी घेतली जाणारी फायरप्लेस साधारण ताशी ३०,००० बीटीयूची, म्हणजे पावणेनऊ किलोवॉटच्या आसपास असते. ती पूर्ण क्षमतेने चालली तर तासाला सव्वा लिटर पाणी हवेत सोडते. चार तासांच्या एका संध्याकाळी पाच लिटर. ही वाफ बाहेर गेली नाही, तर थंड काचांवर, खिडक्यांच्या चौकटींवर आणि प्लास्टरच्या आतल्या लाकडी पट्ट्यांवर जाऊन बसते.

पाण्यापेक्षा मोठी भीती कार्बन मोनॉक्साइडची. हवा कमी पडली किंवा जळलेला वायू पुन्हा ज्वालेत शिरू लागला की तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट किंवा त्याहूनही घट्ट चिकटतो. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेत अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसे या वायूने मरतात, असे तिथली रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, सांगते. मराठी वाचकाला ही गोष्ट दूरची वाटायला नको. मुंबई-पुण्याकडे खिडकी लावून घेतलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर चालू राहिल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, आणि त्यामागचे रसायनशास्त्र हेच आहे.

धुराडे काम करते ते गरम हवा हलकी असल्यामुळे. धुराड्यातली गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून दुसरी हवा खेचली जाते. ही धुराड्याची ओढ. पाच-सहा मीटर उंचीच्या धुराड्यात १२० अंश सेल्सिअसचा वायू आणि बाहेर शून्य अंशाची हवा असेल, तर ही ओढ वीस पास्कलच्या आसपास भरते. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलहून थोडा जास्त असतो. म्हणजे सगळी भिस्त त्याच्या पाच हजाराव्या भागावर. स्वयंपाकघरातला जोरदार एक्झॉस्ट पंखा, कपडे वाळवायचे यंत्र आणि न्हाणीघरातला पंखा एकाच वेळी चालू झाले तर घट्ट बंद घरातला दाब काही पास्कलने खाली येतो. धुराडे तेव्हा थंड असेल तर ओढ उलटी फिरते आणि वर जायचा वायू खोलीत उतरतो.

म्हणून धुराडे घरात नेमके कुठे आहे याला महत्त्व आहे. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बॉस्टनच्या प्रदेशातल्या, जुन्या वसाहतकालीन घरांत ते घराच्या मध्यभागी असते. चारी बाजूंनी खोल्या, त्यामुळे विटा उबदार राहतात आणि ओढ लवकर लागते. दक्षिणेकडे व्हर्जिनियासारख्या भागात धुराडी घराच्या दोन टोकांना, भिंतीबाहेर बांधायची पद्धत होती. उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून ती सोय होती. पुढे उत्तरेतही बाहेरच्या भिंतीतली धुराडी सर्रास झाली. असे धुराडे जानेवारीत तिन्ही बाजूंनी गारठलेले असते. लाकडाच्या आगीचा धूर इतका गरम असतो की ते त्याला चालून जायचे. गॅसच्या उपकरणाचा वायू त्या मानाने कोमट. तो वर पोचण्याआधीच थंड होतो.

थंड झाल्यावर काय होते, हे जुन्या घरांच्या छपरावर चढून पाहता येते. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून निघालेली वाफ ५५ ते ६० अंशांच्या खाली आली की तिचे पाणी होऊ लागते. त्यात आणखी हवा मिसळली असेल तर हा आकडा खाली येतो. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते. पूर्वी त्याच धुराड्यात कोळसा जळला असेल, तर भिंतींवरच्या काजळीत गंधक अडकलेले असते आणि त्याच्याशी गाठ पडल्यावर पाण्याचे आम्ल आणखी तीव्र होते. विटांमधल्या दर्जा भुसभुशीत होऊन गळू लागतात. बाहेरून विटांवर पांढरा क्षार फुटतो. पाणी विटेत मुरून गोठले की विटेच्या तोंडाचे पापुद्रे सुटतात. वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात कागद लावलेल्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतो, आणि घरमालक छप्पर गळते म्हणून छपराचा कारागीर बोलावतो.

धुराड्याचा मार्ग प्रमाणाबाहेर रुंद असेल तर हेच जास्त वेगाने घडते. लाकडाच्या फायरप्लेससाठी बांधलेल्या धुराड्यात १३ बाय १३ इंचाच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या सर्रास सापडतात. त्यांचा आतला मार्ग साधारण १२५ चौरस इंच. गॅसच्या उपकरणाची व्हेंट ४ इंच व्यासाची असेल, तर तिचे क्षेत्रफळ भरते साडेबारा चौरस इंच. दहापट फरक. अमेरिकेच्या राष्ट्रीय इंधन वायू संहितेत, म्हणजे एनएफपीए ५४ मध्ये, खोलीतली हवा घेऊन नैसर्गिक ओढीवर चालणारे असे एकच उपकरण विटांच्या धुराड्यात सोडायचे असेल, तर मार्गाचे क्षेत्रफळ उपकरणाच्या तोंडाच्या सातपटीपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. आपल्या दिवाणखान्यातले भव्य जुने धुराडे गॅससाठी उलट जास्तच मोठे ठरते, हे ऐकून बहुतेक घरमालक चकित होतात.

त्यामुळे पहिला खर्च दुकानात नाही, तपासणीवर करायचा. एनएफपीए २११ या मानकात धुराड्याच्या तपासणीच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. इंधन बदलताना, नवे अस्तर घालताना किंवा घर विकताना दुसरी पातळी लागते. तिच्यात पोटमाळा, तळघर, घराच्या पोटातल्या हात पोचेल अशा सगळ्या जागा बघायच्या असतात आणि धुराड्यात कॅमेरा सोडायचा असतो.

कॅमेरा तारेवरून खाली सरकू लागला की पडद्यावर घराचा इतिहास उलगडत जातो. वरची दोन-तीन फूट वीट, तिच्यावर हिमाने पडलेल्या चिरा. मग मातीच्या नळ्यांचे एकावर एक रचलेले तुकडे. दोन तुकड्यांच्या सांध्यातला चुना-सिमेंट निघून गेलेला, काही ठिकाणी तुकडा एका बाजूला घसरलेला. लाकडाच्या धुराचा चकचकीत काळा डांबरी थर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपूर्वीचे घर असेल तर मातीच्या नळ्या मुळातच नसतात, नुसती उघडी वीट दिसते. मधेच धुराडे वाकडे होते, कारण ते वरच्या मजल्यावरच्या फायरप्लेसला वळसा घालून गेलेले असते. आणि मग भिंतीत एक गोल काळे भोक.

या भोकाकडे नीट लक्ष द्यायला हवे. पूर्वी एकाच धुराड्याला मजल्यामजल्यावर लोखंडी शेगड्या जोडलेल्या असत. सेंट्रल हीटिंग आल्यावर शेगड्या गेल्या, भोके राहिली. त्यांवर पत्र्याची गोल थाळी बसवून वर भिंतीचा कागद चिकटवला गेला. काही थाळ्यांवर निसर्गचित्रे छापलेली असत. आज वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला आपल्या उशाशी कागदाच्या आड पत्र्याची एक थाळी आहे आणि तिच्या मागे धुराडे, याचा पत्ताही नसतो. त्या धुराड्यात नव्या फायरप्लेसचा जळलेला वायू सोडला, तर थाळीच्या कडेने तो त्याच खोलीत येईल.

कॅमेऱ्यात आणखी एक रहिवासी कधी कधी भेटतो: चिमणी स्विफ्ट नावाचा राखाडी रंगाचा पक्षी. तो दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढून वसंतात उत्तरेकडे परततो आणि जुन्या विटांच्या खडबडीत धुराड्यांत घरटे करतो. धातूच्या गुळगुळीत नळीत त्याला बसता येत नाही. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्यामुळे त्याचे वापरातले घरटे काढता येत नाही. पिले उडून जाईपर्यंत थांबावेच लागते. जूनमध्ये काम सुरू करू पाहणाऱ्यांचा बेत त्यामुळे शरद ऋतूपर्यंत लांबतो. लांबू द्यावा. धुराडी बंद होत गेल्याने या पक्ष्याच्या राहण्याच्या जागा आटत चालल्या आहेत.

त्याच तपासणीत हेही पाहावे की छपरावरच्या एका धुराड्यात प्रत्यक्षात किती मार्ग आहेत. एकाच विटकामात दोन किंवा तीन स्वतंत्र मार्ग असू शकतात: एक फायरप्लेसचा, दुसरा तळघरातल्या बॉयलरचा. मधली वीट एकाच थराची असते आणि ती गळकी असली तर एकातला वायू दुसऱ्यात जातो. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत शेजाऱ्याच्या मार्गात जाण्याचाही धोका असतो. तळघरातला जुना बॉयलर काढून नवा कंडेन्सिंग बॉयलर बसवला असेल, तर तो प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर श्वास घेतो आणि मोठ्या धुराड्यात पाणी तापवायची एकटी टाकी उरते. तिचा वायू एवढ्या मोठ्या पोकळीत गारठतो. फायरप्लेसचे काम काढलेच आहे तर या टाकीचाही निकाल लावून टाकावा, असा सल्ला जाणकार देतात आणि तो मानण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष पर्याय.

सगळ्यात जुना आणि स्वस्त पर्याय म्हणजे लाकडाच्या फायरप्लेसमध्ये गॅसचे कृत्रिम ओंडके ठेवणे. धुराडे तेच, त्याच्या तोंडाची झडप, म्हणजे डॅम्पर, तीच. डॅम्पर चुकून बंद होऊ नये म्हणून त्याला एक लोखंडी क्लॅम्प लावतात आणि तो कायम थोडा उघडा राहतो. ज्वाला सुंदर, पिवळी, लाकडासारखी. पण उघड्या तोंडाची फायरप्लेस तासाला शेकडो घनमीटर हवा वर ओढते, आणि ही हवा म्हणजे आपणच पैसे मोजून गरम केलेली घरातली हवा. आग विझल्यावरही उघड्या डॅम्परमधून ऊब निघून जात राहते. नाताळच्या चार संध्याकाळी पेटवायची हौस असेल आणि धुराडे धडधाकट असेल तर हा पर्याय बरा. घर गरम करायचे असेल तर नाही.

दुसरा पर्याय बी-व्हेंटचा. आत ॲल्युमिनियम, बाहेर गॅल्व्हनाइज्ड पोलाद अशी दुहेरी नळी, मधे हवेची पोकळी. जळण्यासाठीची हवा खोलीतूनच घेतली जाते आणि वायू नैसर्गिक ओढीने छपराबाहेर जातो. नळी ज्वलनशील वस्तूंपासून किमान एक इंच दूर असावी लागते. १९८० आणि ९० च्या दशकांत अशा फायरप्लेस खूप बसल्या. जुन्या घरात धुराडे नसेल किंवा पडझडीला आले असेल, तर कपाटाच्या कोपऱ्यातून, वरच्या मजल्यातून, पोटमाळ्यातून छपरापर्यंत ही नळी नेता येते. इथे न्यू इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांची एक जुनी खोड आड येते. त्यांतल्या अनेकांचा सांगाडा ‘बलून फ्रेम’ पद्धतीचा आहे: भिंतीतले उभे वासे तळापासून छपरापर्यंत सलग, आणि दोन वाशांमधली पोकळीही सलग. तळमजल्यावर लागलेली आग मिनिटांत पोटमाळा गाठते ती याच पोकळीतून. म्हणून नळी जिथे जिथे मजला ओलांडते तिथे पत्र्याचा फायरस्टॉप बसवणे ही केवळ नियमाची पूर्तता नसते. त्या घरातल्या माणसांचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. जुन्या घरांत अशा जागी एखादी आधीची ॲस्बेस्टॉस-सिमेंटची नळीही सापडते. ती आपल्या हाताने कापू नये, फोडू नये. ते काम परवानाधारकांचे.

बी-व्हेंटची मूळ अडचण वेगळीच आहे. ती खोलीच्या हवेवर जगते. हे घर पन्नास वर्षांपूर्वी फटीफटीतून श्वास घेत होते, तेव्हा प्रश्न नव्हता. आज त्याच घराच्या भिंतींत इन्सुलेशन भरले आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत, दारांना रबरी पट्ट्या आहेत, आणि स्वयंपाकघरात मिनिटाला चारशे घनफुटांहून जास्त हवा फेकणारा एक्झॉस्ट आहे. घराला बाहेरून हवा यायला वाटच उरलेली नाही. ऊर्जा वाचवण्यासाठी केलेल्या चांगल्या कामाने फायरप्लेसचा श्वास कोंडला जातो.

डायरेक्ट व्हेंट या पर्यायाने ही गाठ मुळातच सोडवली. त्यात ज्वाला काचेच्या मागे पूर्ण बंद पेटीत असते. जळायला लागणारी हवा बाहेरून येते, जळलेला वायू बाहेर जातो, खोलीच्या हवेशी त्यांचा संबंधच येत नाही. नव्या बांधकामात हे एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून होते: आतली ४ इंची, बाहेरची साधारण ६ ५/८ इंची. आतून गरम वायू बाहेर, भोवतालच्या फटीतून गार हवा आत. स्वयंपाकघरातला पंखा कितीही जोरात फिरू दे, ज्वालेला त्याची दखल घ्यावी लागत नाही.

जुन्या धुराड्यासाठी त्याचे रूप थोडे निराळे आणि फार चतुर आहे. फायरप्लेसच्या पोकळीत बसेल अशी पेटी, तिला ‘इन्सर्ट’ म्हणतात, आणि धुराड्यातून वरपर्यंत गेलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन लवचीक नळ्या. बहुधा प्रत्येकी तीन इंच व्यासाच्या. एक हवेची, एक वायूची. नळ्या लवचीक असल्याने धुराड्याचे वळण आड येत नाही. विटा फुटक्या असल्या, दर्जा गळल्या असल्या तरी जळलेला वायू त्यांना शिवत नाही. जुने धुराडे आता फक्त वाट देते. वर एकच टोपी बसते, तिला दोन्ही नळ्या जोडलेल्या. चांगला कारागीर नळ्या खाली सोडण्याआधी वायूच्या नळीच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावतो, कारण पाच-सहा मीटर खाली अंधारातून बाहेर आलेल्या दोन चंदेरी नळ्या सारख्याच दिसतात आणि त्यांची अदलाबदल झाली की ज्वाला मलूल होऊन विझते.

धुराड्यातला जुना डॅम्पर काढावा लागतो किंवा कायमचा उघडा अडकवून ठेवावा लागतो, आणि नळ्यांभोवतीची मोकळी जागा पत्रा व खनिज लोकरीने बंद करावी लागते, नाहीतर खोलीतली ऊब त्या वाटेने पळते. उंचीला किमान आणि कमाल मर्यादा असतात. त्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात आणि त्यांत घासाघीस चालत नाही. तीन मजली घरातल्या तळमजल्यावरून नळी नेताना उंची फार झाली, तर ओढ इतकी वाढते की ज्वाला बर्नरवरून उचलली जाते. त्यासाठी मार्गात अडथळ्याची पट्टी बसवावी लागते. काम संपल्यावर आत एक धातूची पाटी ठोकली जाते: ही फायरप्लेस गॅस इन्सर्टसाठी बदललेली आहे, हिच्यात लाकूड जाळू नये. वीस वर्षांनी घर घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती पाटी असते.

उष्णतेच्या दृष्टीनेही हा पर्याय उजवा आहे. चांगल्या डायरेक्ट व्हेंट फायरप्लेसची कार्यक्षमता साधारण ६० ते ८० टक्क्यांत येते. कॅनडात सीएसए पी.४ या चाचणीने ती मोजून लेबलवर छापतात, त्यामुळे दोन फायरप्लेसची तुलना करायची तर तो आकडा पाहावा. सतत जळणारी छोटी ज्योत, म्हणजे पायलट, आणि तिच्याच उष्णतेवर वीज तयार करणारा थर्मोपाइल असलेले मॉडेल घेतले तर हिमवादळात वीज गेली तरी ज्वाला पेटते. फक्त पंखा चालत नाही. काच मात्र भयंकर तापते. रांगणारे मूल घरात असेल तर पुढची जाळी काढून ठेवायची नाही. १ जानेवारी २०१५ पासून अमेरिकेच्या मानकांनुसार काच १७२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ७८ अंश सेल्सिअसच्या वर जाणार असेल तर अशी जाळी सोबत देणे बंधनकारक आहे.

धुराडे नसेल तर डायरेक्ट व्हेंट बाजूच्या भिंतीतूनही काढता येते, आणि दुकानदार हीच वाट सुचवतो, कारण ती सोपी आणि स्वस्त असते. संहितेप्रमाणे व्हेंटचे तोंड जमिनीपासून किमान १२ इंच वर हवे, आणि ताशी १० ते ५० हजार बीटीयूच्या उपकरणाला उघडणाऱ्या खिडकीपासून किमान ९ इंच दूर. पण २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला. वाऱ्याने भिंतीशी रचलेल्या ढिगापुढे १२ इंच काहीच नाहीत. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्लिमथ गावी बर्फाने हीटरची व्हेंट बुजली आणि वायू घरात साठून सात वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. त्यानंतर राज्याने तिच्या नावाने ‘निकोल्स लॉ’ हा कायदा केला. मार्च २००६ च्या अखेरपासून गॅस, तेल किंवा लाकूड जाळणाऱ्या घरांत प्रत्येक मजल्यावर आणि शयनगृहाच्या दारापासून दहा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. बाजूच्या भिंतीतून कमी उंचीवर व्हेंट काढली असेल तर बाहेर, जमिनीपासून आठ फुटांवर, खाली गॅसची व्हेंट आहे आणि ती मोकळी ठेवा अशा अर्थाची पाटी लावावी लागते. बर्फ साचल्यावर नेमके कुठे खणायचे हे त्या पाटीमुळे कळते.

वारसा भागांत आणखी एक अडसर येतो. बॉस्टनचा बीकन हिल हा भाग १९५५ पासून संरक्षित आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारा बाह्यभागातला कोणताही बदल वास्तुआयोगाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. लाल विटांच्या दर्शनी भिंतीतून बाहेर आलेली पत्र्याची जाळी तिथे मंजूर होण्याची आशा धरू नये. अशा घरात धुराड्यातून वर जाणेच शहाणपणाचे.

राहिला शेवटचा पर्याय: व्हेंटच नसलेली फायरप्लेस. जाहिरातीत तिची कार्यक्षमता ९९ टक्क्यांवर असते, आणि तो आकडा खोटा नाही. सगळी उष्णता खोलीतच राहते. फक्त वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही खोलीतच राहतात. सुरक्षेसाठी तिच्यात ऑक्सिजनचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास उतरले की गॅस बंद करणारा पायलट असतो. तो ऑक्सिजनवर लक्ष ठेवतो, कार्बन मोनॉक्साइडवर नाही. संहितेत तिला ताशी ४०,००० बीटीयूची मर्यादा आहे, शयनगृहात १०,००० आणि न्हाणीघरात ६,००० ची. कॅलिफोर्नियात घरांसाठी तिच्यावर बंदी आहे आणि कॅनडातही ती चालत नाही. जुन्या घरात ही बसवू नये. भिंतीत इन्सुलेशन नसेल तर वाफेचे तिथेच पाणी होते आणि प्लास्टरच्या मागे बुरशी धरते. इन्सुलेशन भरून घर घट्ट केले असेल तर हवा कोंडते. दोन्ही बाजूंनी तोटाच.

ज्यांना ज्वालेचे फक्त रूप हवे आहे त्यांना विजेची फायरप्लेस पुरते. साध्या प्लगवर चालणारे १५०० वॉटचे उपकरण ताशी पाच हजार बीटीयूच्या आसपास ऊब देते, म्हणजे गॅसच्या सहाव्या हिश्शाइतकी. तिला व्हेंट लागत नाही.

काम संपल्यावर एक चाचणी आवर्जून करून घ्यावी. सगळी दारे-खिडक्या बंद करायच्या, घरातले सगळे पंखे आणि कपडे वाळवायचे यंत्र चालू करायचे, मग तळघरातली पाण्याची टाकी पेटवून तिचा वायू जिथून धुराड्याकडे जातो त्या ड्राफ्ट हूडपाशी धूर सोडणारी कांडी धरायची. धूर आत खेचला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर घरातल्या हवेचा ताळेबंद चुकतो आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘मास सेव्ह’ या ऊर्जाबचत योजनेखालच्या घरतपासणीतही ज्वलनसुरक्षेची चाचणी असते. गॅस जोडण्याचे काम त्या राज्यात परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरनेच, परमिट काढूनच करायचे असते, आणि नंतर नगरपालिकेचा निरीक्षक येऊन पाहून जातो. परमिटचा खर्च वाचवू पाहणारा कारागीर भेटला तर त्याला परत पाठवावे.

बॉस्टन, न्यू जर्सी किंवा शिकागोकडे जुने घर घेऊन राहणारी मराठी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि थंडीत त्यांच्याकडे महाराष्ट्रातून आलेले आई-वडील दिवसभर घरी असतात. अशा घरात धडधाकट विटांचे धुराडे असेल तर त्यातून दोन नळ्या वर नेलेला डायरेक्ट व्हेंट इन्सर्ट हा आज उपलब्ध असलेला सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. आणि फायरप्लेस कोणतीही असो, प्रत्येक मजल्यावर अलार्म असू द्या. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकाचा अलार्म हवेत दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ७० भाग झाले तर एक ते चार तासांत वाजतो, ४०० भाग झाले तर चार ते पंधरा मिनिटांत. त्याच्यातला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. अलार्मच्या मागे बदलण्याची तारीख छापलेली असते. ती आजच पाहून घ्या.